'ह' नसलेला हयातीचा दाखला

संपादक महोदय,

आवाज गमावलेल्यांना बोलते करणाऱ्या खिशातल्या यंत्रांवरचा कालच्या पुरवणीतला लेख दोनदा वाचला. पहिल्या वाचनात चहा गार झाला, दुसऱ्यात डोके गरम झाले. लेखकाने मेहनत घेतली आहे, ते नाकारत नाही. पण मथळ्यात आम्हाला सरसकट 'मुके' करून टाकणाऱ्या आपल्या उपसंपादकांना माझा निरोप द्या, मी मुका नाही. २०१९ साली टाटामध्ये माझे स्वरयंत्र काढले, एवढेच. जीभ, ओठ आणि दात (वरचे माझे, खालचे बसवलेले) जागच्या जागी आहेत. आणि हो, सिगारेट ओढत होतो. हा प्रश्न येतोच, म्हणून उत्तर आधीच देऊन ठेवतो.

आवाज जाण्याआधी काही वाक्ये वाचून ठेवा, मग फोन तुमच्याच आवाजात बोलेल, असा लेखात सल्ला आहे. सल्ला उत्तम. पण ॲपलने ही सोय आणली २०२३मध्ये, तोवर माझा आवाज जाऊन चार वर्षे झाली होती. आता माझ्या आवाजाचा शिल्लक साठा म्हणजे सौ.च्या व्हॉट्सॲपवरचा सहा सेकंदांचा निरोप: "गावदेवीला आहे, कोथिंबीर आणू की नको?" एवढ्या भांडवलावर एखाद्या ॲपने मला बोलते केलेच, तर उरलेले आयुष्य मी कोथिंबीरच विचारत राहीन.

माझ्याकडे आहे ते यंत्र टॉर्चएवढे. जबड्याखाली मानेला टेकवायचे, बटण दाबायचे, की त्याची चकती थरथरते. ती थरथर तोंडात पोचते आणि जीभ-ओठ तिचे शब्द करतात. आवाज एकसुरी येतो, भुंग्याने पाढे म्हणावेत तसा. सोसायटीतली मुले मला 'रोबोट आजोबा' म्हणतात. मला त्यात काही वाईट वाटत नाही, एक पोरगा तर रोज बटण दाबायला मागतो. पण लेखात न आलेली एक गोष्ट सांगतो. थरथर अखंड चालू असल्यामुळे 'क' आणि 'ग' माझ्या तोंडून जवळजवळ सारखेच येतात, 'प' आणि 'ब'ही. आणि 'ह' तर येतच नाही. 'ह'ला छातीतली हवा तोंडातून यावी लागते. माझी हवा ऑपरेशनमध्ये गळ्याला पाडलेल्या भोकातूनच बाहेर पडते, तोंडापर्यंत पोचत नाही. म्हणजे 'हो' म्हटले की 'ओ' होते.

आणि 'हयात' म्हटले की 'अयात'.

आता गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. आम्हा पेन्शनरांना दरवर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. गुडघा सुजला होता, म्हणून मुलगा म्हणाला, बाबा, हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत कशाला जाता, घरबसल्या व्हिडिओ कॉलवर होतो. बँकेचे नाव लिहीत नाही, पेन्शन अजून तिथूनच येते. कॉल लागला. समोरची मुलगी गोड बोलली. स्क्रीनवर चार आकडे आले, मोठ्याने वाचा म्हणाली. मी यंत्र लावून वाचले. ती म्हणाली, "सर, रेकॉर्डिंग लावू नका, स्वतः बोला." मी म्हणालो, मीच बोलतोय. "सर, मागे काहीतरी मशीन चालू आहे, ते बंद करा." ते बंद केले तर मी बंद पडतो, हे सांगायलाही तेच मशीन लागते! मग तिने पॅन कार्ड दाखवायला सांगितले. डाव्या हातात फोन, उजव्या हातात यंत्र, कार्ड धरायला तिसरा हात नाही. सौ. धावत आली, कार्ड धरले आणि म्हणाली, "अहो ताई, यांचं ऑपरेशन झालंय, हे असंच बोलतात." त्यावर उत्तर आले की कॉलमध्ये दुसरी व्यक्ती चालत नाही. कॉल संपला.

पुन्हा लावला, दुसरा माणूस आला. त्याने माझे पहिले वाक्य पुरते ऐकूनही घेतले नाही. हल्ली यंत्राच्या आवाजात फसवणुकीचे फोन येतात, लोक सावध झालेत, त्याचे मी समजू शकतो. पण समोर स्क्रीनवर अख्खा माणूस दिसत होता, डोळे मिचकावत होता, गळ्याला रुमाल होता!

मग मी ई-मेल लिहिला. सविस्तर. दिव्यांगांच्या २०१६च्या कायद्यात वाचादोषाची व्याख्या करताना स्वरयंत्र काढण्याचा नावानिशी उल्लेख आहे, तोही घातला, प्रमाणपत्र जोडले. दोन दिवसांनी उत्तर आले: आपल्या तक्रारीची दखल घेतली आहे, आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याला फोन करतील.

फोन आला. मी "अॅलो" म्हटले. ठेवला.

शेवटी सुजलेला गुडघा घेऊन रिक्षाने सेवा केंद्रात गेलो आणि ठसे घेणाऱ्या यंत्रावर बोट टेकवले. दोन मिनिटांत जिवंत झालो. बोटाला 'ह' म्हणावा लागत नाही.

हे सगळे मला जास्त झोंबले, त्याला कारण आहे. मी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होतो, परगावचे फोन जोडून द्यायचो. तरुण वाचकांना ट्रंक कॉल म्हणजे काय ते घरातल्या मोठ्यांना विचारावे लागेल. पावसाळ्यात कोकणच्या लाइनवर जी घरघर असायची, तिच्यापुढे माझे हे यंत्र म्हणजे आकाशवाणी. त्या घरघरीतून आम्ही गाव, नाव, नंबर उचलायचो. "पाच की पन्नास? पन्नास? बरं, पुढे बोला." पलीकडे म्हातारी असायची, रडत असायची, घरी कोणीतरी गेलेले असायचे. एकाही कॉलला मी 'मागचा आवाज बंद करा' म्हटल्याचे आठवत नाही. उलट "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" असे विचारायचो. मला बँकेने तीन मिनिटे दिली असती तर वाढवायलाही लागली नसती.

लेखात स्टीफन हॉकिंग आहेतच, ते असणारच. १९८५ साली न्यूमोनियात श्वासासाठी गळ्याला छेद द्यावा लागला आणि त्यांची वाचा गेली. पुढे संगणकाचा जो आवाज त्यांना मिळाला, तो डेनिस क्लॅट नावाच्या अमेरिकी संशोधकाच्या स्वतःच्या आवाजावरून घडवलेला होता. नंतर अधिक चांगले आवाज निघाले तरी हॉकिंगनी तो सोडला नाही. हेही छापायला हवे होते. त्यांच्या एकेका वाक्याला कित्येक मिनिटे लागत आणि सभागृह गप्प बसून वाट पाही. त्यांच्या सभागृहात आमच्या बँकेचा प्रतिनिधी नव्हता, हे विज्ञानाचे नशीब.

परदेशी उपकरणांच्या किमती देताना बेंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांची पन्नास रुपयांची झडप मात्र तुमच्या लेखकाला आठवली नाही. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये ती बसवतात, गळ्याचे भोक बोटाने झाकायचे, की छातीतली हवा अन्ननलिकेतून वर येऊन आवाज होतो. आयात झडपेला हजारो रुपये पडतात आणि ती काही महिन्यांनी बदलावीही लागते. मला झडप सोसली नाही, गळायला लागली, चहा श्वासनलिकेत जायचा. म्हणून मी भुंग्यावर आहे. ज्याला सोसते त्याला पन्नास रुपयांचे ऐकून झोप लागेल, परदेशी ॲपचे ऐकून लागणार नाही.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, आपण पहिल्या पानावर छापलेत, मी कात्रणही ठेवले आहे. माझ्या फोनमधला मराठी वाचणारा आवाज मात्र 'मानपाडा' असा म्हणतो, की रिक्षावाला मागे वळून बघतो.

मानपाड्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. घोडबंदर रस्त्यावरच्या खोदकामाची धूळ तुम्ही नाकाने गाळून घेता. माझ्या भोकावर गाळायला सौ.ने शिवलेला मलमलचा रुमाल आहे. सकाळी पांढरा असतो, मानपाड्याहून नौपाड्याला परत येईपर्यंत चहाच्या फडक्यासारखा होतो. धूळ बसवायला पाण्याचा टँकर फिरवू असे ज्यांनी सांगितले होते, त्यांनी तो कुठे फिरवला ते तरी कळवावे. सौ.ने सात रुमाल शिवलेत, आता आठवा शिवते आहे.

या सदराखाली आपण लिहिता की पत्र छापण्यापूर्वी खातरजमेसाठी लेखकाला फोन केला जाईल. माझा नंबर सोबत आहे. दुपारी चारनंतर करा, तोपर्यंत बॅटरी चार्जिंगला असते. पलीकडून भुंग्यासारखी घरघर आली तर ती लाइन खराब नाही. तो मीच. 'ह' सोडून काहीही विचारा.

एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)
(नाव-पत्ता सोबत जोडला आहे, छापू नये.)