‘खाल्लीस’मधला ‘स’

अ‍ॅन आर्बर, मिशिगन
४ मे

प्रिय शबाना,

पदवीदान झालं. आईने तुला फोटो पाठवलेच असतील. फोनवर तू विचारलंस, “ऑनर्स म्हणजे वर्गात पहिली आलीस का?” तेव्हा मागे इतका गोंधळ होता की धड उत्तर देता आलं नाही. आणि तुला सांगायचं खरं काम तर राहूनच गेलं, म्हणून हे पत्र.

नुसत्या गुणांवर मिळणारा मान वेगळा, तो विद्यापीठ देतं. भाषाविज्ञान विभागाचा ऑनर्स मात्र आपण होऊन मागावा लागतो. आपला प्रश्न आपण शोधायचा, मार्गदर्शक गाठायचा, शेवटच्या वर्षी प्रबंध लिहायचा. मग दुसऱ्या एक प्राध्यापक तो वाचतात आणि समोर बसवून प्रश्न विचारतात. इथे बी.ए.लाच हे करता येतं.

मी हे अंगावर घेतलं ते कुपवाडमुळे. हो, आपलं सांगलीजवळचं, एमआयडीसीचं कुपवाड! दुसऱ्या वर्षी भाषासंपर्कावरचा एक लेख वाचायला दिला होता, जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा, १९७१चा. त्यात ‘कुपवार’ नावाचं गाव. दोन पानं वाचल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. तिथले लोक मराठी, कानडी, उर्दू बोलतात, शब्द ज्याचे त्याचे वेगळे, पण शतकानुशतकं शेजारी राहून वाक्यांचा सांगाडा जवळजवळ एकच झालाय. मराठीत ‘पाला जरा कापून घेऊन आलो’, उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’. शब्दाखाली शब्द ठेव, तंतोतंत बसतो. तुमच्या स्वयंपाकघरात दादी एका दमात दोन्ही भाषा बोलायची ते मला ऐकूच यायला लागलं. पुढे कळलं की गंपर्झना १९५४मध्ये पीएच.डी. मिळाली ती याच विद्यापीठात, आणि विषय होता याच वॉश्टनॉ परगण्यातल्या जर्मन शेतकऱ्यांची बोली. ते इथून निघून आपल्या गावापर्यंत पोचले होते. त्या रात्री मला झोप आली नाही.

पण माझा प्रश्न कुपवाडचा नाही, त्याहून लहान आहे. वर मी ‘तू विचारलंस’ लिहिलं, त्यातला ‘स’ बघ. ‘तू आंबा खाल्लास, पोळी खाल्लीस, केळं खाल्लंस.’ क्रियापद आंब्याप्रमाणे, पोळीप्रमाणे बदलतं, म्हणजे कर्माचं ऐकतं. आणि शेवटी ‘स’ लावून ‘तू’चंही ऐकतं. ‘त्याने पोळी खाल्ली’मध्ये कर्त्याची काही खूण नाही, ‘मी पोळी खाल्ली’मध्येही नाही. मग ‘तू’लाच का? आणि बोलताना आपण ‘तू पोळी खाल्ली का?’ असंही सर्रास म्हणतो, ‘स’ गाळून. माझं म्हणणं असं की ‘तू’ उच्चारला असेल तर ‘स’ सोडला तरी निभावतं. ‘तू’ गाळला की तो ‘स’च ‘तू’चं काम करतो. नुसतं ‘पोळी खाल्ली?’ म्हटलं तर कुणी खाल्ली, तू की त्याने?

तोंडी परीक्षेत दुसऱ्या परीक्षक बाईंनी विचारलं, या रचनेला मराठी व्याकरणात नाव आहे का? मी फळ्यावर लिहिलं, ‘कर्तृ-कर्मसंकर प्रयोग’, आणि मोरो केशव दामल्यांचं १९११चं व्याकरण सांगितलं. शाळेत आपण हे नाव घोकून विसरलो होतो. इथल्या बाई ते वहीत उतरवून घेत होत्या. शबाना, मला फार भरून आलं गं.

आता ते राहिलेलं काम. गेल्या वर्षी रेकॉर्डिंगच्या आधी मी तुझ्याकडून तो संमतीचा कागद भरून घेतला आणि तू वैतागलीस. माणसांवर अभ्यास करायचा तर समितीची मंजुरी आणि बोलणाऱ्याची संमती लागतेच, पदवीच्या विद्यार्थ्यालाही. त्याच कागदात होतं की बोलणाऱ्यांची नावं छापणार नाही. त्यामुळे प्रबंधात तू ‘वक्ता ३’ आहेस. आभाराच्या पानावर मार्गदर्शक आहेत, आईबाबा आहेत, तू नाहीस. आणि सगळ्या प्रकरणाचा कणा असलेलं वाक्य तुझं आहे. मी लिहून नेलेली वाक्यं तू कंटाळून बाजूला सारलीस आणि माझ्या ताटाकडे बघून म्हणालीस, “अगं, भाकरी संपवलीस, वाढू का अजून?” ‘तू’ नाही, नुसता ‘स’. ते मी मुद्दाम मांडलेलं नव्हतं, तुझ्या तोंडून आपसूक आलं. परीक्षेत मी तेच वाक्य सर्वांत आधी ऐकवलं. तुझा आवाज त्या खोलीत घुमला आणि मागे दादीच्या बांगड्या वाजल्या.

बांधलेली एक प्रत तुझ्यासाठी ठेवलीय. जूनमध्ये येतेय तेव्हा घेऊन येईन. त्यात ‘वक्ता ३’च्या खाली पेनाने तुझं नाव लिहू का? तू हो म्हणालीस तरच लिहीन. आणि दादीला विचार, माझ्याबरोबर कुपवाडला येईल का?

तुझी,
मेघा