‘दुखलं तर द्या’ म्हणजे नेमकं कधी?

महोदय,

माझी मुलगी १५ वर्षांची. कण्याला बाक आला होता, पण कळेपर्यंत आम्ही ‘ताठ बस गो’ म्हणून तिलाच ओरडत होतो. मे महिन्यात मुंबईत ऑपरेशन झालं, कण्याला टायटॅनियमचे रॉड आणि स्क्रू बसवले. काम उत्तम झालं. तक्रार आहे ती घरी सोडताना हातात दिलेल्या कागदाची.

रुग्णालयात आधी सलाईनमधून औषध होतं, मग गोळ्या. सहाव्या दिवशी कोकणकन्येने कणकवली, पुढे गाडीने देवगड. नांदगाव तिठ्यापासून प्रत्येक खड्ड्याला पोरगी माझं मनगट आवळत होती. कागदावर गोळ्यांपुढे इंग्रजीत ‘एसओएस’. दुखलं तर द्या, असं मेडिकलवाल्याने सांगितलं. म्हणून मी दुखायची वाट बघत बसले!

दहापैकी किती दुखतंय, असं दुपारी विचारलं तर म्हणाली, चार. शेजारी आजी होती ना, ‘जरा सोसूक होया गो बाय’ म्हणणारी. रात्री दोनला उशी दातात धरून रडत होती. म्हणाली, ‘दुपारीच आठ होतं.’

सकाळी भूलतज्ज्ञ बाईंना फोन लागला. पॅरासिटामॉल सध्या घड्याळ लावून द्या, दुखणं चढल्यावर तेवढीच गोळी पुरत नाही, असं त्या म्हणाल्या. ट्रामाडोल ही जास्त जोराची गोळी फक्त त्यावरही भागलं नाही तर, आणि बंद करताना आधी तीच. हे दोन मिनिटांचं बोलणं डिस्चार्जच्या दिवशी का झालं नाही? ट्रामाडोलने पोट साफ होत नाही, हेही कुंथताना पाठीतून कळ गेली तेव्हा समजलं. ट्रामाडोल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्यात आहे. इथल्या दोन्ही मेडिकलांत ती नव्हती, कणकवलीहून आणावी लागली. कायदा असू दे, पण मग लांबच्या पेशंटला लागतील तेवढ्या गोळ्या तिथूनच बांधून द्या. कोणती गोळी किती वाजता, कोणती कधी थांबवायची आणि रात्री फोन कोणाला करायचा, हे मराठीत लिहून द्या. त्याची एक प्रत आमच्या इथल्या डॉक्टरांनाही पाठवा.

शेवटी मीच तक्ता करून फ्रिजला चिकटवला: ६, १२, ६, १२. रात्री बाराचा गजर आजीने आपणहून स्वतःच्या उशाशी घेतला.

– एक आई, देवगड