या दिवाळीला मी येत नाहीये

ती. बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीला मी येत नाहीये. फोनवर आईचा आवाज ऐकला की हे तोंडातून निघालं नसतं, म्हणून लिहून कळवते. दिवाळी सरली की लगेच रेषीय बीजगणिताचा पेपर आहे, आणि या सत्रात मला जड जातो तो तोच. ऑफिस सांभाळून सलग बसायला मिळतं ते याच सुट्टीत. घरी येऊनही दिवसभर दार लावून बसले असते, तर तुम्हाला तरी बरं वाटलं असतं का?

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मात्र माझ्यासाठी पुढे ढकलू नका. दादा रजा काढून येतोय. पेपर दिला की त्याच रात्रीच्या गाडीने मी निघेन.

माझं इथे उत्तम चाललंय. डब्यात भाकरी मिळते, रात्री पोटभर जेवते. अभ्यासिका खोलीच्या खालीच आहे, उशीर झाला तरी रस्त्यावर एकटी नसते. रोज सकाळी एक सिद्धता न बघता लिहून काढते, दुपारी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवते.

बाबा, तुमच्या दहावीच्या जादा तासाला मी मागच्या बाकावर येऊन बसायचे. निश्चयक (सहगुणकांवरून काढायची ती संख्या) शून्य आला की समीकरणं सोडवायची क्रेमरची पद्धत चालत नाही, एवढं सांगून तुम्ही पुढच्या गणिताकडे वळायचात. अभ्यासक्रमच तेवढा होता. आता माझा विषय त्या शून्यापासूनच रंगतो. क्ष + य = ५ आणि २क्ष + २य = १० घ्या. दुसऱ्या समीकरणात नवं काहीच नाही. (२, ३) हे एक उत्तर. त्यात (१, −१) ची कोणतीही पट मिळवा, उत्तर बरोबरच राहतं, कारण (१, −१) ला सहगुणकांची मॅट्रिक्स, म्हणजे त्यांची चौकट, शून्यावर नेते. अशा शून्यावर जाणाऱ्या सगळ्या सदिशांचा, इथे अशा जोड्यांचा, मिळून कर्नल होतो. इथे त्याची मिती १ (सगळ्या एकाच जोडीच्या पटी), मॅट्रिक्सची रँक, म्हणजे खरोखर वेगळ्या समीकरणांची संख्या, १, बेरीज २. मॅट्रिक्स कितीही मोठी असो, ही बेरीज स्तंभांच्या संख्येइतकीच येते. पहिल्यांदा हे नीट उमगलं तेव्हा तुम्हालाच फोन करणार होते, पण रात्रीचे दोन वाजले होते.

केली-हॅमिल्टनचं प्रमेयही तुम्हाला आवडेल: चौरस मॅट्रिक्सच्या निश्चयकातून निघणारं तिचं समीकरण ती मॅट्रिक्स स्वतःच पाळते. केलीने १८५८ मध्ये ते मांडलं, पण सर्वसाधारण सिद्धता दिली नाही. ती १८७८ मध्ये फ्रोबेनियसने दिली. दोन उदाहरणं पडताळली म्हणजे सिद्ध झालं असं नाही, हे तुम्ही आम्हाला किती वेळा बजावलंत! अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातून २०२३ मध्ये निवृत्त झालेल्या गिल्बर्ट स्ट्रँग यांची व्याख्यानं यूट्यूबवर आहेत. त्यांत ते खडू-फळ्यावर शिकवतात. दादाकडून लावून घ्या, तुम्हाला इंग्रजीची अडचण येणार नाही.

तेव्हा माझं शिक्षण का थांबलं ते आपल्याला ठाऊक आहे. त्यात तुमचं काहीच चुकलं नव्हतं बाबा, तो विषय आता मनात आणू नका. मी नोकरी सोडलेली नाही, कर्ज काढलेलं नाही. मला हे गणित पुरं करायचंय, एवढंच.

आई, मी झोपू नये म्हणून तू समोर बसून तांदूळ निवडायचीस, आणि संपले की निवडलेलेच पुन्हा निवडायचीस. अजूनही रात्री पेंग आली की समोर तुझं ताट दिसतं गं.

आता ऐक. यंदा तळणीपुढे बसायचं नाही. चकल्या विकत आणा, कुणी काही म्हणत नाही. ऑपरेशननंतर डोळा चोळायचा नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि बरं वाटलं म्हणून थेंब मनाने बंद करायचे नाहीत, डॉक्टर सांगतील तेवढे दिवस घालायचे. बाबा, थेंबांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. तुमची बीपीची गोळीही त्याच कागदावर येऊ द्या. आणि आकाशकंदील लावायला स्टुलावर चढू नका, दादा येईपर्यंत थांबा.

तुमची,
मनू