दोन्या, तुमचा टोर्तिया-प्रेस पुण्यात पोचला

प्रिय दोन्या,

तुम्हाला मराठी येत नाही आणि माझं स्पॅनिश बाजारहाटापुरतं. तरी हे मराठीतच लिहितेय. मेक्सिकोत, केरेतारोत होते तेव्हा दर वेळी नुसतं 'ग्रासियास' (धन्यवाद) म्हणून गप्प बसायचे, ते मनात राहिलंय.

खरं सांगू? पहिल्यांदा तुमचं दार वाजवलं ते टोर्तिया शिकायला नव्हे, लाटणं मागायला. ज्वारीची भाकरी थापणारी मी, मक्याची एवढीशी चकती ती काय मोठी, असा तोरा होता. दुकानातून मक्याचं पीठ आणलं, आधणाचं पाणी घालून रगडून मळलं, आणि तव्यावर एकेकीच्या चिरफळ्या! लाटणं घेऊन तुम्हीच आलात. पिठाची चिमूट बोटांत चोळलीत आणि पिशवी बाजूला सारलीत. "याला चुना लागलेला नाही, मिहा (पोरी)."

आमच्याकडे चुना लावणं म्हणजे फसवणं, हे तुम्हाला कसं समजावणार होते!

त्या रात्री तुमच्या ओट्याशी उभी राहून सगळं पाहिलं. किलोभर पांढरा मका, त्यात साधारण दहा ग्रॅम चुना. मला आजीचा पानाचा डबा आठवला. दाण्याची सालं सुटेपर्यंत उकळी, मग रात्रभर तसंच झाकून. सकाळी दाणे चोळून धुतले नि गल्लीतल्या मोलिनोवर दळून आणले. असा चुन्यात शिजवलेला मका म्हणजेच निश्तामाल. चुन्यामुळे मका आपसांत धरतो, आणि एरवी अंगी न लागणारं त्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व मोकळं होतं. युरोपात मका गेला, ही रीत गेली नाही. मक्यावरच जगणाऱ्या उत्तर इटलीतल्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या अभावाचा आजार, झाला. हे मी नंतर वाचलं. तुम्ही एवढंच म्हणाला होतात, "चुन्याशिवाय पोट भरतं, अंग भरत नाही."

मग तो बिडाचा प्रेस. मी अख्खं वजन टाकून दांडा दाबला. टोर्तिया कागदासारखी झाली आणि प्लास्टिकवरून निघेचना. तुम्ही दोन बोटांनी दाबलंत, चकती अर्धी फिरवलीत, पुन्हा दाबलंत. बिजागरीकडची कड पातळ होते ना, म्हणून. कडा तडकल्या की पाण्याचा हात. भाकरीसारखं रगडायचं नाही, हे माझ्या मनगटांना पटायला महिना लागला. कोमालवर, म्हणजे तुमच्या तव्यावर, मात्र ओळखीचं निघालं: कड सुटली की उलटायची, मग परत उलटायची, आणि बोटांनी हलकं दाबलं की टम्म.

माझी पहिली फुगली तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवून म्हणालात, "आता तुझं लग्न करायला हरकत नाही!" दोन मुलांची आई मी.

निघताना तुम्ही तोच प्रेस माझ्या बॅगेत कोंबलात. मुंबईला विमानतळावर बॅग उघडायला लावली. "हे काय?" म्हणाले. "पुरी प्रेस," म्हटलं. कोण समजावत बसणार?

इथे मका भुसाऱ्याकडचा पिवळा, चुना पानवाल्याचा, दळण मिक्सरवर. मिक्सर कुरकुरतो, पीठ तुमच्यासारखं लोण्यागत होत नाही. पण गेल्या रविवारी सासूबाईंनी, वय चौऱ्याहत्तर, मला बाजूला करून स्वतः दांडा दाबला. तिसरीच टोर्तिया पुरीसारखी फुगली. तुमचं वाक्य मी जसंच्या तसं ऐकवलं. त्या पदराने तोंड झाकून म्हणाल्या, "अगं, यांना विचारायला हवं."

तुमची,
लाटणं मागायला आलेली