कॅमेऱ्याचा पासवर्ड मालकाच्या हाती हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुजरीतील सराफी पेढ्यांपासून उद्यमनगरातील कारखान्यांपर्यंत आणि अपार्टमेंटच्या जिन्यांपर्यंत कोल्हापुरात सीसीटीव्ही कॅमेरे लागले, हे चांगलेच झाले. परंतु ते इंटरनेटला जोडताना होणारी हयगय चिंताजनक आहे.

कॅमेरे बसवणारा माणूस डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) जोडतो आणि मालकाच्या मोबाइलवर चित्र दिसू लागले की बिल घेऊन निघतो. कंपनीकडून आलेला, किंवा त्याने सगळ्याच गिऱ्हाइकांकडे ठेवलेला एकच पासवर्ड तसाच राहतो. कित्येकदा तर अ‍ॅपमधील मूळ खातेच त्याच्या मोबाइल क्रमांकावर उघडलेले असते आणि मालकाला फक्त पाहण्यापुरती परवानगी मिळते. उद्या त्याने धंदा बदलला किंवा त्याचा फोन हरवला, तर आपल्या गल्ल्यावर आणि घरातल्या बायकामुलांवर कोणाची नजर आहे, हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील महिला रुग्णांच्या तपासणीची, सीसीटीव्हीतून चोरलेली चित्रफीत फेब्रुवारी 2025 मध्ये समाजमाध्यमांवर विक्रीला आल्याचे उघड झाले. त्याआधी 2016 मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने कंपनीचेच पासवर्ड कायम असलेले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी अमेरिकेतील मोठमोठ्या संकेतस्थळांची सेवा काही तास विस्कळीत केली. त्या उपकरणांच्या मालकांपैकी बहुतेकांना याचा पत्ताही नव्हता.

केंद्र सरकारने नव्या कॅमेऱ्यांसाठी सुरक्षा चाचणी बंधनकारक केली आहे, हे योग्यच. मात्र आधीच भिंतीवर असलेल्या कॅमेऱ्यांचे काय? तिथे मालकानेच डीव्हीआर आणि वायफाय राउटर या दोन्हींचे पासवर्ड बदलावेत, खाते स्वतःच्या क्रमांकावर घ्यावे आणि फर्मवेअर, म्हणजे उपकरणातील मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करून घ्यावे. दुकानात गिऱ्हाइकांना वायफाय देणाऱ्यांनी ते बिलिंगच्या संगणकापासून वेगळे ठेवावे.

सराफ व व्यापारी संघटनांनी, तसेच गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या उद्योजकांनी, मालकासमोर पासवर्ड बदलून दिल्याशिवाय बिल चुकते होणार नाही, अशी अट घालावी. गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात. कॅमेऱ्यांचा पासवर्ड कोणाकडे आहे, हा प्रश्न सभासदांनी यंदा तिथे जरूर विचारावा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.

आपला,
एक वाचक,
शाहूपुरी, कोल्हापूर