शरणपूर रोडच्या मावशींना सलाम

मावशी, सलाम.

तुमची नात हे तुम्हाला वाचून दाखवेल. तिला जरा मोठ्याने वाचायला सांगा. मनातल्या मनात वाचलेलं तुम्हाला कधीच पुरत नाही.

यांना जाऊन इस्टरनंतर दोन वर्षं होतील. आजारपणात मी एका प्रार्थनासभेला गेले होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. बाहेरगावच्या एका प्रचारकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाई, 'बरं वाटत नाही' असं तू बोललीस, म्हणून आजार बळावला. जीवन-मरण जिभेच्या हाती आहे." बायबलातल्या नीतिसूत्रांच्या 18व्या अध्यायातलंच वचन, खोटं कसं म्हणणार? मी धसकाच घेतला. डॉक्टर म्हणाले लिव्हरमध्ये पसरलंय, मी म्हणत राहिले, "हालेलुया, ते बरे झालेत." यांना मात्र बोलायचं होतं. बँकेचं, पोरीच्या शिक्षणाचं, आणखी कशाकशाचं. तोंड उघडलं की मी म्हणायचे, "असलं अभद्र बोलायचं नाही." ते गेले आणि ते सगळं बोलणं सोबत घेऊन गेले.

मातीनंतर आठव्या दिवशी तुम्ही डबा घेऊन आलात. बाजरीची भाकरी, शेपूची भाजी. सांत्वनाचं एक वाक्य नाही. "स्तोत्र 88 काढ. मोठ्याने वाच." मी वाचत गेले, आता वळण येईल, 'तरी मी तुझी स्तुती करीन' असं काहीतरी येईल म्हणून वाट बघत. आलंच नाही. शेवटी अंधार, नि स्तोत्र खलास.

"संपलं?" मी विचारलं.

"संपलं," तुम्ही म्हणालात. "स्तोत्र लिहिणारा एवढं रडगाणं गायला, म्हणून देवाने पान फाडलं का त्याचं?"

मी यांच्या मातीपासून पहिल्यांदा तेव्हा रडले, भाकरीचा घास हातात तसाच.

मग याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय. लगाम, सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी. "जिभेत ताकद आहे, ते खरंच आहे," तुम्ही म्हणालात, "पण गाठीला कान नसतात, पोरी. घरातल्या माणसाला असतात." हे एक वाक्य त्या सभेत कोणी बोललं असतं तर माझे चार महिने वाचले असते. अजून राग येतो, लपवत नाही.

जाता जाता दारात चप्पल घालताना तुम्ही जेकब वेनराइटची गोष्ट काढलीत. गुलामीतून सुटलेला आफ्रिकेचा पोरगा, आपल्या नाशिकच्या मिशनमध्ये शिकला. 1873 साली तिकडे आफ्रिकेत मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा दफनविधीची प्रार्थना त्याने म्हटली. "त्याच्या शब्दांनी साहेब काही उठून बसला नाही. पण मातीवर कोणीतरी बोलावं लागतं." तेव्हा वाटलं, मावशींची गाडी कुठल्या कुठे गेली. घरी पोरगी दुसऱ्या खोलीत होती, आठ दिवस तिच्याशी मी जेवलीस का यापलीकडे बोलले नव्हते. ती गोष्ट तिच्यासाठी होती, हे मला फार उशिरा कळलं.

आता रात्री तिच्या डोक्यावर हात ठेवून बायबलच्या 'गणना' पुस्तकातला अहरोनाचा आशीर्वाद म्हणते, परमेश्वर तुला राखो. दहावीची मुलगी ती. "आई, केस विस्कटतात," म्हणते, पण डोकं काढून घेत नाही.

परवा तिने विचारलं, पप्पा शेवटी काय म्हणाले? 'हसत गेले' असं सांगायची सवय लागली होती. या वेळी खरं सांगितलं: त्यांना बोलायचं होतं, मीच बोलू दिलं नाही. ती उठून आत गेली. रात्रभर दार बंद. सकाळी चहाचा कप घेऊन समोर बसली नि म्हणाली, "मग सांग, काय बोलायचं असेल त्यांना?"

आम्ही आठवून आठवून सांगत बसलो. खाली रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न दिला आणि तो निघून गेला.