कोटेशन पाहून कंत्राटदार ठरवू नकोस

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

घराच्या दुरुस्तीच्या कामासाठी तू पाठवलेली तिन्ही कोटेशनं वाचली. सगळ्यात कमी आकड्याच्या कोटेशनकडे तुझा कल दिसतोय. पण त्यात ‘बाथरूमचं संपूर्ण काम’ एवढीच एक ओळ आहे आणि पुढे रक्कम. जुन्या टाइल्स फोडणं, राडारोडा उचलणं, वॉटरप्रूफिंग, नवे पाइप हे सगळं त्यात धरलंय का? जे लिहिलेलं नाही ते पुढे ‘जादा काम’ म्हणून समोर येतं, आणि तोवर घर फोडून ठेवलेलं असतं, म्हणून नाही म्हणायची सोय उरत नाही. तिघांनाही कामांची एकच यादी दे. प्रत्येक कामाचं मोजमाप, दर, साहित्याचा ब्रँड आणि ग्रेड लिहून माग. ‘चांगल्या प्रतीचं प्लायवूड’ म्हणजे काहीच नाही. ओट्याखाली पाणी सोसणारं प्लाय लागतं, बेडरूमच्या कपाटाला साधं चालतं. हा फरक दरात दिसला पाहिजे.

आता माणसाबद्दल. त्याच्या फोनमधल्या फोटोंवर जाऊ नकोस, नवं काम सगळ्यांचंच चकाकतं. दोन-तीन वर्षांपूर्वी केलेलं एखादं बाथरूम दाखवायला सांग. तिथे बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीवर ओल आहे का ते आधी बघ. टाइल्स बोटाने ठोक, पोकळ आवाज आला तर खाली माल नीट भरलेला नाही. कोपऱ्यात मगभर पाणी ओत आणि ते आपसूक जाळीकडे जातंय का बघ. घरमालकाला एवढं नक्की विचार, की काम संपून पैसे दिल्यावर काही बिघडलं तेव्हा हा माणूस आला का? चालू असलेल्या एखाद्या कामावरही जाऊन ये. साइटवर रोज कोण उभं असतं, ते तिथेच कळेल.

स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत पाडायची म्हणतेस. जो कंत्राटदार न बघताच ‘पाडू की, काय अडचण आहे’ म्हणाला, त्याला मी तरी काम देणार नाही. भिंतीवर भार आहे की नाही हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही, त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो. बीम किंवा कॉलमला छिन्नी लावायची वेळ आली, तर इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय कोणालाही हात लावू देऊ नकोस. यात मी अजिबात तडजोड करणार नाही आणि तूही करू नकोस.

घरात खरा घोटाळा होतो तो टाइल्स आणि प्लास्टरच्या आड. म्हणून आधीच विचारून ठेव: वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल्स बसवण्याआधी, जाळी बंद करून निदान २४ तास पाणी साठवून ठेवणार का? खालच्या छताला ओल येते का हे तेव्हाच कळतं, नंतर सगळं फोडावं लागतं. भिंत बुजवण्याआधी पाइपांची प्रेशर टेस्ट, म्हणजे दाबाने पाणी भरून गळती तपासणं, करणार का? अर्थिंगची वायर प्रत्येक सॉकेटपर्यंत जाणार का, आणि मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसणार का? चांगला माणूस या प्रश्नांनी चिडत नाही, उलट तोच तुला दोन गोष्टी जास्त सांगतो. प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीवर टेप धरून वायर-पाइपचे फोटो काढून ठेव. पुढे खिळा ठोकताना उपयोगी पडतील.

पैसे तारखेप्रमाणे नको, टप्प्याप्रमाणे दे. काम सुरू करण्यापुरतीच आगाऊ रक्कम, आणि शेवटचे १० टक्के सगळ्या त्रुटी दुरुस्त झाल्यावर. अर्धी रक्कम आधीच मागणाऱ्याला नमस्कार कर. मात्र टप्पा पूर्ण झाला की पैसे त्याच दिवशी दे, त्यावर कारागिरांची मजुरी अवलंबून असते. मध्येच काही बदलावंसं वाटलं तर आधी रक्कम आणि वाढणारे दिवस लिखित घे, मगच कामाला हात लागू दे. सूचना घरातल्या एकाच माणसाने द्यायच्या.

मला विचारशील तर दुसरं कोटेशन बरं वाटतं. आकडा मोठा आहे, पण काय काय धरलेलं नाही हेही त्याने स्पष्ट लिहिलंय. तरी त्याचं जुनं काम पाहिल्याशिवाय हो म्हणू नकोस. कामांची यादी तयार झाली की मला पाठव, मी त्यात भर घालते. तोवर कोणालाही बयाणा देऊ नकोस.

तुझी,
आई